एस्तेरची गोष्ट वाचून मनातलं कसं लिहायचं

बायबलच्या जुन्या करारातलं एस्तेरचं पुस्तक 10 अध्यायांचंच आहे, त्यामुळे पहिल्यांदा एका बैठकीत सगळं वाचून काढा, नोट्स वगैरे काही नको. पर्शियातल्या शूशनचा राजवाडा, भारतापासून कूशपर्यंत (इजिप्तच्या दक्षिणेचा प्रदेश) 127 प्रांतांचा राजा अहश्वेरोश, बोलावल्यावर आली नाही म्हणून पद गेलेली वश्ती राणी, तिच्या जागी आलेली एस्तेर जिने तिला वाढवणाऱ्या चुलतभावाच्या, मर्दखयच्या, सांगण्यावरून आपण यहुदी आहोत हे लपवलेलं, आणि सगळ्या यहुद्यांना एका दिवसात संपवायचा हुकूम काढणारा राजाचा बडा अधिकारी हामान, एवढं डोक्यात बसलं की पुरे.

मग चौथा अध्याय, हा मात्र सावकाश, दोन-तीनदा वाचा. राजाकडे जाऊन रदबदली कर असा मर्दखयचा निरोप येतो आणि एस्तेर लगेच हो म्हणत नाही. न बोलावता आतल्या चौकात गेलं तर मरण, राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचतो, आणि मला तर 30 दिवसांत बोलावणंच नाही, असं ती कळवते. मला हेच वाक्य सगळ्यात जवळचं वाटतं. पुढचं "मेले तर मेले" सगळ्यांच्या लक्षात राहतं पण त्याआधी ती किती घाबरलीय यावर फार कोणी बोलत नाही. तुमचं लिखाण इथूनच सुरू करा, तुम्हाला कधी कुणी "जा, बोल" म्हणालं आणि तुम्ही आधी अडचणी सांगितल्या, ते खरं खरं लिहा.

नंतर ती काय करते ते नीट बघा. तीन दिवस उपास, आणि एकटीने नाही, शूशनमधल्या सगळ्या यहुद्यांना सोबत घेऊन. राजा म्हणतो अर्धं राज्य माग, तरी ती फक्त जेवायला बोलावते, हामानलाही, आणि खरं मागणं दुसऱ्या दिवशीच्या मेजवानीत मांडते. केवढा धीर लागत असेल याला!

हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही, म्हणून "देवानेच केलं" असं घाईने लिहू नका, आधी माणसांकडे बघा. नववा अध्याय जड आहे, यहुद्यांच्या हातून त्यांच्या शत्रूंपैकी 75 हजार माणसं मारली जातात, तो गाळू नका, त्रास झाला तर तसंच लिहा.

जमलं तर पुरीमला, म्हणजे यहुदी वाचले त्याची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या सणाला, सिनॅगॉगमध्ये (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात) या पुस्तकाचं वाचन ऐका. आपल्याकडचे मराठी बोलणारे यहुदी, बेने इस्राएल, या सणाला होळीचा सण म्हणत आलेत. हामानचं नाव आलं की लहान मुलं जो गोंगाट करतात तो ऐकून घरी आलात की चौथा अध्याय परत उघडा आणि तुमचं लिहिलेलं शेजारी ठेवून वाचा.