अंकोरची मंदिरे गाइडसोबत, चार दिवसांत

कंबोडियातील सियाम रीप शहराच्या आसपास ख्मेर राजांनी नवव्या ते तेराव्या शतकांत उभारलेली मंदिरे पसरलेली आहेत, आणि १९९२ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झालेले त्यांचे क्षेत्र सुमारे ४०० चौरस किलोमीटरचे आहे. एवढा पसारा गाइडशिवाय पाहणे अशक्य नाही, पण शिलालेखांत काय लिहिले आहे, कोणता भाग कोणत्या राजाने नंतर जोडला आणि एखादे शिल्प नेमके कोणत्या प्रसंगाचे आहे, हे सांगणारा माणूस सोबत नसेल तर तिसऱ्या मंदिरापासून सगळी मंदिरे सारखीच दिसू लागतात. गाइड असूनही हा धोका टळतोच असे नाही. बहुतेक तयार सहलींत पहिल्याच पहाटे अंकोर वाट दाखवतात, त्याच दिवशी बायोन आणि ता प्रोम उरकतात आणि त्याआधीच्या तीनशे वर्षांतली मंदिरे उरलेल्या वेळात बसवतात. हा क्रम गाडीच्या फेऱ्यांसाठी सोयीचा आहे, पाहणाऱ्यासाठी नाही. म्हणून सहल ठरवतानाच मंदिरे शक्यतो बांधणीच्या क्रमाने पाहायची आहेत असे स्पष्ट सांगावे आणि त्यानुसार दिवस वाटून घ्यावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

या क्रमासाठी चार दिवस लागतात. प्रवेशपत्र एक, तीन किंवा सात दिवसांचे मिळते आणि त्यांचे दर अनुक्रमे ३७, ६२ आणि ७२ अमेरिकी डॉलर आहेत. तीन दिवसांचे प्रवेशपत्र दहा दिवसांच्या मुदतीत आणि सात दिवसांचे एका महिन्याच्या मुदतीत सलग किंवा सोडून सोडून वापरता येते. चौथ्या दिवसासाठी केवळ दहा डॉलर जास्त पडतात, हे पाहता सात दिवसांचेच घ्यावे, म्हणजे मध्ये एखादा दिवस पावसात किंवा थकव्यात गेला तरी चुटपूट लागत नाही. प्रवेशपत्रावर प्रत्येकाचे छायाचित्र असते आणि ते जवळपास प्रत्येक मंदिरापाशी तपासले जाते, त्यामुळे ते दुसऱ्याला देता येत नाही आणि हरवले तर नवे घ्यावे लागते. बारा वर्षांखालील मुलांना प्रवेशपत्र लागत नाही, मात्र वयाचा पुरावा म्हणून त्यांचे पासपोर्ट जवळ ठेवावेत. सहलीच्या दरात प्रवेशपत्र धरलेले आहे की नाही, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. बऱ्याचदा ते धरलेले नसते.

गाइड निवडताना तो कंबोडियाच्या पर्यटन मंत्रालयाचा परवानाधारक असल्याची खात्री करून घ्यावी. पण खरी निवड परवान्यानंतर सुरू होते. सहल ठरण्यापूर्वी गाइडशी थोडे बोलणे शक्य असेल तर त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली म्हणजे रामायण, महाभारत आणि समुद्रमंथन यांच्या कथा आपल्याला माहीत आहेत, त्यामुळे त्या सांगण्यात वेळ न घालवता ख्मेर शिल्पकारांनी त्या वेगळ्या कशा दाखवल्या आहेत यावर त्याने भर द्यावा. दुसरी म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्त यांची छायाचित्रे हा आपल्या सहलीचा मुख्य हेतू नाही. या दोन वाक्यांनी त्याच्या सांगण्याची पातळीच बदलते. गट शक्यतो सहा-आठ जणांपेक्षा मोठा नसावा, कारण उठावशिल्पांच्या अरुंद ओवऱ्यांमध्ये मागच्या रांगेतल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही.

पहिला दिवस शहराच्या पूर्वेला सुमारे १३ किलोमीटरवर असलेल्या रोलुओस समूहाला द्यावा. हरिहरालय ही जुनी राजधानी इथलीच. पहिल्या इंद्रवर्म्याने ८७९ मध्ये प्रीआ को आणि ८८१ मध्ये बाकोंग यांची प्रतिष्ठापना केली, तर त्याचा मुलगा पहिला यशोवर्मा याने ८९३ मध्ये एका विस्तीर्ण तलावातील बेटावर लोलेई बांधले. तो तलाव आज कोरडा आहे. प्रीआ कोच्या विटांच्या शिखरांवर चुन्याच्या गिलाव्यातील नक्षीचे तुकडे अजून टिकून आहेत आणि दारांवरचे दगडी उत्तरंग जवळून पाहता येतात. पुढच्या तीन दिवसांत उत्तरंगांची शैली कशी बदलत गेली हे ओळखायचे असेल तर इथे निवांत अर्धा तास काढावा. बाकोंगमध्ये पाच टप्प्यांचा दगडी मेरुपर्वत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर साकारलेला दिसतो. त्याच्या माथ्यावरचे शिखर मात्र बाराव्या शतकातले आहे, हे गाइडने सांगितले नाही तर आपण त्याला विचारावे. त्याच संध्याकाळी यशोवर्म्याने नव्या राजधानीत खऱ्याखुऱ्या टेकडीवर उभारलेले फ्नोम बाखेंग पाहिले की सपाट जमिनीवर रचलेल्या पर्वतापासून खऱ्या पर्वतापर्यंतची ही वाटचाल एका दिवसात डोळ्यांसमोर येते. तिथे एका वेळी ३०० जणांनाच वर सोडतात, त्यामुळे सूर्यास्ताच्या बरेच आधी पोहोचावे.

दुसऱ्या दिवशी क्रम थोडा मोडून सकाळी सर्वांत आधी बांतेय स्रेई गाठावे. हे मंदिर पूर्वाभिमुख आहे आणि त्याचा गुलाबी वालुकाश्म सकाळच्या उन्हात जसा उजळतो तसा दुपारी उजळत नाही. त्याची प्रतिष्ठापना ९६७ मध्ये झाली आणि ते राजाने नव्हे, तर राजेंद्रवर्म्याच्या दरबारातील यज्ञवराह या ब्राह्मणाने बांधवले. आकाराने ते लहान आहे, पण कोरीव कामाच्या बारकाव्यात संपूर्ण अंकोरमध्ये त्याला तोड नाही. दक्षिणेकडच्या ग्रंथालय म्हणवल्या जाणाऱ्या वास्तूच्या पूर्वेकडील त्रिकोणी शिल्पपटावर रावण कैलास हलवतो आहे, पशू घाबरून पळत आहेत आणि पार्वती शंकराला बिलगली आहे. पश्चिमेकडे कामदहन आहे. उत्तरेकडच्या वास्तूवर पूर्वेला खांडववनावर कोसळणारा इंद्राचा पाऊस तिरप्या रेघांच्या पडद्यासारखा कोरलेला आहे आणि पश्चिमेला कंसवध आहे. गाभाऱ्यांजवळ दोर बांधलेले असल्याने लहान दुर्बीण जवळ असलेली बरी. परतीच्या वाटेवर राजेंद्रवर्म्याची पूर्व मेबोन (९५३) आणि प्रे रूप (९६१) ही दोन मंदिरे येतात. पूर्व मेबोनच्या कोपऱ्यांवरचे अखंड दगडातले हत्ती आणि पायथ्याचे होड्या लागण्याचे धक्के पाहताना भोवतीची शेते एके काळी प्रचंड जलाशयाखाली होती हे लक्षात ठेवावे. पायांत बळ असेल आणि पावसाळा नुकताच सरला असेल तर बांतेय स्रेईच्या पुढे असलेल्या क्बाल स्पीअन येथे सुमारे दीड किलोमीटर चढून नदीच्या पात्रात कोरलेली शिवलिंगे आणि शेषशायी विष्णू पाहता येतो. उन्हाळ्यात पाणी आटते, तेव्हा ही चढाई वगळली तरी चालेल.

तिसरा दिवस केवळ अंकोर वाटचा. दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे विष्णुमंदिर बांधले. ते पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे पहाटे सूर्य शिखरांच्या मागून उगवतो आणि दर्शनी भाग सकाळभर सावलीत राहतो. सूर्योदय पाहायचा असेल तर पाच वाजता दार उघडते. पण त्याहून मोलाची वेळ सूर्योदयानंतरची आहे, कारण गर्दी न्याहारीसाठी परतते आणि ओवऱ्या बऱ्यापैकी मोकळ्या होतात. शिल्पपट पाहताना पश्चिम बाजूने सुरुवात करून मंदिर डाव्या हाताला ठेवत जावे, म्हणजे आपल्या नेहमीच्या प्रदक्षिणेच्या उलट. कथांची मांडणीच तशी आहे, आणि या अपसव्य क्रमावरून व पश्चिमेकडच्या मुखावरून हे मंदिर राजाच्या अंत्यसंस्काराशी जोडलेले असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

पहिलाच पट कुरुक्षेत्राचा आहे. डावीकडून कौरव आणि उजवीकडून पांडव येतात, कडेला शिस्तीत चालणाऱ्या रांगा मध्यापर्यंत पोहोचता पोहोचता एकमेकींत मिसळून जातात, आणि डावीकडे वरच्या बाजूला शरपंजरी पडलेले भीष्म दिसतात. पुढे दक्षिणेला सूर्यवर्म्याची मिरवणूक, त्यानंतर यम, चित्रगुप्त आणि नरकयातनांचा दीर्घ पट, आणि मग पूर्वेला समुद्रमंथन. सुमारे ४९ मीटर लांबीच्या त्या पटात ९२ असुर आणि ८८ देव वासुकीला ओढत आहेत, मध्ये विष्णू व त्याखाली कूर्म आहे, आणि देवांच्या बाजूला शेपटीच्या टोकाशी एक वानर उभा आहे. आपल्याकडे सांगितल्या जाणाऱ्या मंथनकथेत हा वानर नसतो. गाइडची परीक्षा घ्यायची तर इथे घ्यावी. पश्चिमेकडे परत आल्यावर लंकायुद्धाच्या पटात हनुमानाच्या खांद्यांवर उभा असलेला राम आणि रथातला रावण पाहून फेरी पूर्ण होते. घाई न करता या फेरीला अडीच ते तीन तास लागतात.

मधल्या उंच चौथऱ्यावर, म्हणजे बाकानवर, चढण्यासाठी खांदे आणि गुडघे पूर्ण झाकणारे कपडे लागतात. खांद्यांवर ओढणी टाकलेली चालत नाही. बारा वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत आणि बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे धार्मिक उपासनेच्या, दिवशी हा भाग बंद असतो. तो दिवस तिथीनुसार महिन्यातून चारेक वेळा येतो, म्हणून तारखा ठरवतानाच गाइडकडून विचारून घ्यावा.

चौथा दिवस सातव्या जयवर्म्याचा. ११८१ मध्ये सत्तेवर आलेल्या या बौद्ध राजाने इतके बांधले की एका दिवसात निवड करावीच लागते. सकाळी दार उघडताच, म्हणजे साडेसात वाजता, ता प्रोमला जावे. थोड्याच वेळात तिथे झाडांच्या मुळांपुढे रांगा लागतात. मातेच्या स्मरणार्थ ११८६ मध्ये उभारलेल्या या मठात १२,६४० माणसे राहत होती आणि त्यांत ६१५ नर्तकी होत्या, असे तिथला शिलालेख सांगतो. इथल्या जतनकार्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचाही सहभाग आहे. त्यानंतर पित्यासाठी बांधलेले प्रीआ खान (११९१), आणि दुपारनंतर अंकोर थोम ही त्याची तटबंदीची राजधानी. तिच्या तटबंदीच्या आत अकराव्या शतकातले बाफुओन आहे. जीर्णोद्धारासाठी त्याचे सुमारे तीन लाख दगड सुटे करून क्रमांक घातलेले असताना कंबोडियात यादवी युद्ध सुरू झाले आणि नोंदी नष्ट झाल्या. ते कोडे जुळवून काम पुरे व्हायला २०११ साल उजाडले. शेवटी बायोन. वरचे प्रचंड चेहरे सगळेच पाहतात, पण खालच्या बाहेरील ओवरीत बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांच्या झुंजी आणि शेजारच्या चंपा राज्याच्या चाम सैन्याशी झालेले नौकायुद्ध कोरलेले आहे, आणि सामान्य ख्मेर माणसाचे जगणे दगडात पाहायला याहून चांगली जागा नाही.

चारही दिवस गाइडकडून बांधणीची तीन अंगे पुन्हा पुन्हा दाखवून घ्यावीत: आतला जांभा दगड आणि बाहेरचा वालुकाश्म, दगड उचलण्यासाठी पाडलेली लहान गोल छिद्रे, आणि पुढे पुढे सरकवलेल्या दगडांचे छत. खरी कमान ख्मेर स्थपतींनी वापरली नाही, म्हणून एवढ्या वैभवशाली मंदिरांतल्या ओवऱ्याही अरुंदच राहिल्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा, एप्रिल सर्वांत तापदायक. कोणत्याही ऋतूत साडेअकरा ते तीन विश्रांती ठेवावी. डॉलर सर्वत्र चालतात, मात्र फाटकी किंवा डाग पडलेली नोट कोणी घेत नाही. शाकाहारी असल्यास मासळीचा सॉस आणि प्रहोक हे आंबवलेल्या माशांचे वाटण नको, असे नाव घेऊन सांगावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेला विमानतळ शहरापासून बराच दूर आहे, तेव्हा ने-आण सहलीत धरून घ्यावी. मंदिरांत वस्तू विकणाऱ्या मुलांकडून काही घेऊ नये, कारण त्या कमाईपायी त्यांची शाळा सुटते.

हाताशी आणखी दिवस असतील तर २०२३ मध्ये जागतिक वारसा ठरलेले कोह केर आणि तिथला सात टप्प्यांचा पिरॅमिड पूर्ण दिवसाच्या सहलीत पाहता येतो. त्याचे प्रवेशपत्र वेगळे असते. फ्नोम पेन्हकडे रस्त्याने जाणार असाल तर वाटेत कांपोंग थोमजवळ सातव्या शतकातील ईशानपुर, म्हणजेच सांबोर प्रेई कुक, पाहून घ्यावे. थायलंडच्या सीमेवरील प्रीआ विहिअरचा बेत मात्र जुलै २०२५ मधील सीमासंघर्ष लक्षात घेता भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचल्याशिवाय करू नये, आणि एखादी सहल कंपनी ते मंदिर कार्यक्रमात घालत असेल तर मार्ग बंद झाल्यास पैसे परत मिळतील की नाही, हे आधी लेखी घ्यावे.