बुरशीचं विष मोडणारं यीस्ट : या चुका टाळा

अफ्लाटॉक्सिन, फ्युमोनिसिन किंवा झिअरॅलेनोन ही धान्यावरच्या बुरशीची विषं मोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक यीस्टमध्ये घालायचं, यीस्ट वाढवायचं आणि बुरशी लागलेल्या मालातलं विष कमी करायचं. आपल्या भागात या कामाची खरोखर गरज आहे. सिल्लोड-भोकरदनकडचा मका काढणीच्या वेळी पावसात सापडतो, खरिपाची ज्वारी कणसातच काळी पडते, आणि तोच माल शेवटी कोणाच्या तरी भाकरीत नाहीतर जनावरांच्या खुराकात जातो. १९९५ साली कर्नाटक आणि आंध्रातल्या काही गावांत भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब सुरू झाले, ते या फ्युमोनिसिनमुळेच. म्हणून मुलांनी हा विषय प्रकल्पाला घेतला की मला आनंद होतो. पण त्याच त्या चुका पाहून जीव मेटाकुटीला येतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विष दिसेनासं झालं की ते मोडलं असं धरून चालणं.

एका विद्यार्थिनीने जनुक घातलेलं यीस्ट अफ्लाटॉक्सिन बी-१ च्या द्रावणात रात्रभर ठेवलं. सकाळी सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी एचपीएलसीला (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) लावलं, तर आलेखातलं विषाचं शिखर जवळपास सपाट. धावत आली, "सर, सगळं गेलं!" परिषदेसाठी पोस्टरही छापून तयार होतं. मी एवढंच विचारलं, "खाली बसलेला साका कुठंय?" तो बेसिनमध्ये ओतून झाला होता.

मग पुन्हा मांडणी केली. एका नळीत तिचं यीस्ट, दुसरीत तेच यीस्ट पण रिकामा प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं, पण त्यात ते जनुक नसलेलं) घातलेलं, तिसरीत उकळून मारलेलं यीस्ट. तिन्ही नळ्यांतलं वरचं पाणी स्वच्छ निघालं, आणि पाणी स्वच्छ करण्यात मेलेलं यीस्ट उलट थोडं पुढेच होतं. साका मेथॅनॉलमध्ये हलवून काढला तेव्हा बहुतेक सगळं अफ्लाटॉक्सिन परत आलं. यीस्टच्या पेशीभित्तिकेतल्या ग्लुकान या शर्करेच्या साखळीला हे विष चिकटतं. याच गुणावर पशुखाद्यात विष धरून ठेवणारी यीस्टची पावडर विकली जाते. पण धरून ठेवणं वेगळं आणि मोडणं वेगळं. पोस्टर लागलं नाही. ती रडली, पण मी ते लावू दिलं नाही याचं मला आजही समाधान आहे. पुढे तिने एन्झाइमचं खरं काम मोजलं. ते आधीच्या आकड्यापेक्षा फारच कमी होतं, पण ते तिच्या एन्झाइमचं होतं.

माझी सवय सांगतो. मी पाणी आणि पेशी वेगळ्या करतच नाही, अख्खी नळी एकत्र मेथॅनॉलने काढतो. रिकाम्या प्लाझ्मिडची आणि मेलेल्या यीस्टची नळी नसेल तर निकाल बघायलाही बसत नाही. चौथी नळी यीस्टशिवायची, कारण अफ्लाटॉक्सिन काचेला आणि प्लास्टिकलाही चिकटतं, उजेडातही कमी होतं. सगळ्या नळ्यांना फॉइल गुंडाळा. अतिनील दिव्याखाली दिसणारी अफ्लाटॉक्सिनची निळी चमक गेली म्हणून विष गेलं असंही लिहू नका. अमोनियाने विषाच्या रेणूतलं लॅक्टोन नावाचं कडं उघडलं की चमक जाते, आणि पुढे आम्ल मिळालं तर तेच कडं परत मिटू शकतं.

झिअरॅलेनोनवर काम करणाऱ्यांची फसगत याहून वाईट होते. साधं, जनुक न घातलेलं बेकरीचं यीस्टसुद्धा झिअरॅलेनोनचं अल्फा आणि बीटा झिअरॅलेनॉलमध्ये रूपांतर करतं. यातलं अल्फा मूळ विषापेक्षा जास्त इस्ट्रोजेनसारखं (स्त्री-संप्रेरकासारखं) वागतं. म्हणजे तुमच्या आलेखात विष संपलेलं दिसतं आणि नळीत त्याहून त्रासदायक पदार्थ तयार झालेला असतो. या दोन्हींचं स्टँडर्ड (तुलनेसाठीचा शुद्ध नमुना) सोबत चालवल्याशिवाय "विघटन" हा शब्द वापरू नये. महाग पडतं ही तक्रार मला मान्य नाही. स्टँडर्डला पैसे नसतील तर दुसरं विष निवडा.

त्याच झिअरॅलेनोनसाठी क्लोनोस्टॅकिस बुरशीतलं झेडएचडी-१०१ हे एन्झाइम सगळे घेतात. त्याला अल्कधर्मी माध्यम लागतं. यीस्ट आंबवणीत पीएच ४-५ वर उतरवतं आणि मग मुलं विचारतात एन्झाइम का चालेना. आधी पीएच मोजा, मग जनुकाला दोष द्या.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक नमुन्याची. मोंढ्यात जायचं, एका पोत्यातून मूठभर मका उचलायचा आणि तो "नमुना" म्हणायचा. अफ्लाटॉक्सिन पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. चार-दोन दाण्यांत प्रचंड असतं, बाकीचे दाणे जवळपास स्वच्छ. कायद्याची मर्यादा धान्यात किलोला १५ मायक्रोग्रॅम. तेवढं बिघडवायला काही दाणे पुरतात. एका मुलाने प्रक्रियेआधी एक मूठ तपासली, प्रक्रियेनंतर दुसरी, आणि दोन्हींतल्या फरकाचं श्रेय यीस्टला देऊन मोकळा झाला. त्याच पोत्यातल्या, यीस्ट न लावलेल्या दोन मुठी मी त्याच्याकडून तपासून घेतल्या, त्यांच्यातला फरक त्याहून मोठा निघाला. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये, खाली नळी खुपसून माल काढा, निदान पाच किलो जमवा, सगळाच्या सगळा बारीक दळा, नीट मिसळा आणि मगच चाचणीपुरतं पीठ घ्या. आधीची आणि नंतरची नळी एकाच पिठातून भरा. दळणाला कंटाळणाऱ्याने हा विषय घेऊ नये.

आता भराभर. मायकोबॅक्टेरियम जिवाणूची अफ्लाटॉक्सिन मोडणारी रिडक्टेज एन्झाइम यीस्टमध्ये घालून स्वस्थ बसू नका, त्यांना एफ-४२० हे सहघटक (एन्झाइम चालायला लागणारा जोडीचा रेणू) लागतं आणि यीस्ट ते बनवत नाही. प्लाझ्मिड निवडक माध्यमाबाहेर (फक्त प्लाझ्मिडवाल्या पेशींनाच वाढू देणाऱ्या माध्यमाबाहेर) टिकत नाही. मक्याच्या पिठात यीस्ट वाढवणार असाल तर जनुक गुणसूत्रातच बसवा. पिकिया या दुसऱ्या यीस्टमध्ये एओएक्स-१ प्रमोटर (मेथॅनॉल मिळालं की जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) वापरताना ग्लुकोज उरलं असेल तर मेथॅनॉल कितीही घाला, जनुक झोपलेलंच राहतं. आणि बेकरीचं यीस्ट स्टार्च खात नाही, आधी स्टार्चची साखर करणारं अमायलेज लागतं.

शेवटी घाईबद्दल. फ्युमोनिसिनचं उदाहरण बघा. स्फिंगोपिक्सिस जिवाणूतलं एस्टरेज एन्झाइम कोमागाटेला यीस्टकडून, म्हणजे ज्याला पूर्वी पिकिया म्हणत त्याच्याकडून, बनवून घेतात. ते फ्युमोनिसिनच्या दोन बाजूच्या साखळ्या कापतं, आणि युरोपात ते पशुखाद्यात वापरायला परवानगी आहे. पण खाद्यात जातं ते एन्झाइम, जिवंत यीस्ट नाही. आपल्याकडे मात्र पहिला निकाल हाती आला की कॅनमध्ये यीस्ट भरून गावाकडच्या मक्यावर फवारायची भाषा सुरू होते. १९८९ च्या नियमांनुसार जनुक बदललेला जीव परवानगीशिवाय प्रयोगशाळेबाहेर नेता येत नाही. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून ही वाट सुरू होते. उरलेलं कल्चर १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाच्या वाफेत मारूनच) टाका. शेतकरी औषध मागायला आला तर त्याला मका १२-१३ टक्के आणि भुईमुगाच्या शेंगा ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून साठवायला सांगा, काळपट आणि सुरकुतलेले दाणे वेगळे काढायला सांगा, आणि ते दाणे म्हशीलाही घालू नका हे बजावा, कारण त्यातलं अफ्लाटॉक्सिन एम-१ या रूपात बदलून दुधात उतरतं.