'पासून' आणि 'पर्यंत' इंग्रजीत नेताना या चुका टाळा

दहावी-बारावीच्या मुलांच्या आणि नोकरी सांभाळून शिकायला येणाऱ्यांच्या इंग्रजीच्या वह्या मी गेली 19 वर्षं तपासते आहे. मुलं बदलतात, चुका त्याच राहतात. इंग्रजी शब्दासमोर एक मराठी अर्थ लिहायचा, तो घोकायचा आणि शब्द आला म्हणायचं, इथूनच त्या सुरू होतात. 'बाई, एकच अर्थ सांगा ना' हे वाक्य ऐकलं की मी फळ्यावर अर्थ लिहीत नाही, दोन वाक्यं लिहिते.

सगळ्यात जास्त लाल शाई 'पासून'वर जाते. आपण '2019 पासून' म्हणतो आणि 'पाच वर्षांपासून'ही म्हणतो. मराठीला दोन्ही चालतं. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी 'सिन्स' आणि दुसऱ्यासाठी 'फॉर'. 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' या वाक्यात तर दोन चुका आहेत, कारण आपलं 'राहतोय' जसंच्या तसं उचललेलं असतं. हवं ते असं: 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' माझी सवय अशी: कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवून ती वेळ दाखवता येते का? येत असेल तर सिन्स. बोटांवर मोजावी लागते का? मग फॉर. 'गेल्या दोन महिन्यांपासून'ला भले भले फसतात. 'गेल्या' शब्द दिसला की सिन्स लिहून मोकळे होतात. पण दोन महिने मोजलेत ना? मग 'फॉर द लास्ट टू मन्थ्स'.

'पर्यंत'ची चूक त्याहून महागात पडते. माझा एक जुना विद्यार्थी भोसरीत सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. चेन्नईच्या ग्राहकाला त्यानं मेल केला: 'द पार्ट्स विल बी रेडी टिल फ्रायडे.' त्याला सांगायचं होतं, शुक्रवारपर्यंत माल तयार होईल. ग्राहकानं वाचलं की माल तयार आहे आणि शुक्रवारनंतर मिळणार नाही. त्यानं घाईघाईनं ट्रक धाडला, तो बुधवारी सकाळी दारात हजर. माल अजून मशीनवर. ट्रक रिकामा परत गेला, भाडं कारखान्याच्या माथी बसलं. रात्री तो माझ्याकडे आला, मोबाइलवर मेल उघडून धरला आणि म्हणाला, 'बाई, पर्यंतच तर लिहिलंय. चुकलं कुठं?'

त्याच रात्री त्याला वहीच्या समासात एक रेघ आणि एक टिंब काढून दिलं. गोष्ट त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार असेल तर रेघ, म्हणजे 'टिल' किंवा 'अनटिल'. त्या वेळेच्या आत कधीतरी एकदा पुरी होणार असेल तर टिंब, म्हणजे 'बाय'. शंका आली तर मराठी वाक्यात 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत माल तयार होईल' बरोबर वाटतं, म्हणून 'बाय फ्रायडे'. 'शुक्रवारच्या आत दुकान उघडं राहील' हे कानालाच खटकतं, म्हणून 'टिल फ्रायडे'.

याच घरातली आणखी एक: 'वेट अनटिल आय डोन्ट कम.' हा 'डोन्ट' येतो आपल्या 'मी येत नाही तोपर्यंत थांब'मधून. उपायही मराठीतच आहे. आधी मनात 'मी येईपर्यंत थांब' असं म्हणा. नकार गळाला, आता इंग्रजी करा: 'वेट अनटिल आय कम.' मोबाइलवरून भाषांतर उचलणाऱ्यांना ही पायरी कधी सापडत नाही. वाक्य आयतं मिळतं, पण पुढच्या वेळी हात पुन्हा मोबाइलकडेच जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको, 'विषयी' त्या शब्दात आधीच आहे. 'ही सेड मी' नाही, 'ही टोल्ड मी'. उसनं घेणं म्हणजे 'बॉरो', उसनं देणं म्हणजे 'लेंड'. 'बॉरो मी युवर पेन' म्हणू नका. 'मॅरीड विथ' हे 'शी लग्न'चं भाषांतर झालं, इंग्रजीत 'मॅरीड टू'. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतला फरक आपला 'च' दाखवतो: थोडेच आले, थोडे आले.

आणि 'हार्डली'. 'हार्ड'ला 'ली' जोडलं की क्रियाविशेषण झालं, हा नियम अर्धवट शिकलेल्या मुलांनी नोकरीच्या अर्जांत 'आय वर्क हार्डली' लिहिलेलं मी अनेकदा खोडलंय. त्याचा अर्थ होतो, मी जवळजवळ कामच करत नाही. कष्ट सांगायचे असतील तर नुसतं 'हार्ड' लिहा.