तालुका कोर्टातली वकिली: नव्या सनदवाल्यांसाठी

वकिलीची सनद हातात आली की कोकणातल्या मुलामुलींपुढे प्रश्न येतो: मुंबई गाठायची की इथेच बसायचं? बहुतेक जण तो पैशांच्या हिशेबाने सोडवतात. मी रत्नागिरी जिल्ह्यात तालुका कोर्टात वकिली करते. माझ्या मते वकील सुखी राहतो की नाही, हे गावावर फार अवलंबून नसतं. आपल्या फायलींवर आणि आपल्या संध्याकाळवर आपली किती सत्ता चालते, यावर ते ठरतं.

अमेरिकेत लॉरेन्स क्रीगर आणि केनन शेल्डन यांनी सहा हजारांहून जास्त वकिलांची पाहणी करून 2015 मध्ये निष्कर्ष छापले. कॉलेजचं नाव, परीक्षेतले गुण, मिळकत, फर्ममधली भागीदारी यांचा समाधानाशी संबंध जेमतेमच निघाला. निर्णय स्वतः घेता येणं, कामात हात बसलेला असणं, माणसांशी नातं जुळणं, काम मनापासून पटणं यांचा संबंध कितीतरी घट्ट होता. सुट्टी घेणारे वकीलही जास्त समाधानी होते. तिथले वकील तासावर बिल लावतात, आपण कामावर किंवा तारखेवर फी घेतो, त्यामुळे सगळंच इथे लागू होणार नाही. पण मूळ गोष्ट मला आमच्या कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, बार रूममध्येही रोज दिसते.

आपल्याकडचं दिवाणी काम म्हणजे मुख्यतः जमीन. वाटपाचे दावे, वहिवाटीची वाट, मनाई हुकूम, कुळाच्या जुन्या नोंदी. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही कधीच वारलेली. दावा चालू असताना प्रतिवादी वारला तर 90 दिवसांत त्याचे वारस लावावे लागतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. हे अबेट होणं रद्द करून घ्यायला पुढचे 60 दिवस, आणि तेही गेले की विलंब माफीचा अर्ज. माणूस गेला बोरिवलीत, आणि गावात बातमी पोचते शिमग्याला. अशा दाव्यात डायरी दोन बाजूंनी लिहावी लागते: एकीकडे कोर्टाची तारीख, दुसरीकडे मुदत कधी संपते ते. चेक न वटल्याच्या खटल्यातही तेच: चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. हे डोक्यात ठेवून झोप लागत नाही, कागदावर उतरवलं की लागते. वकिलीतला बराचसा ताण मुदतीच्या धास्तीचा असतो, आणि त्यावर इलाज आहे.

गणपतीत चाकरमानी गावाला येतात आणि सगळे सहहिस्सेदार एका घरात सापडतात. वकीलपत्रावर सह्या, वारसांची नावं, आधारच्या झेरॉक्स, तडजोडीची बोलणी, सगळं त्याच दिवसांत उरकायचं असतं. त्यामुळे घरच्यांना मी पहिल्यापासून सांगून ठेवलंय की आरतीला मी असेन, दुपारी नसेन. माझी सुट्टी मे महिन्यात. तेव्हा दिवाणी कामं थांबतात. रिमांड आणि जामीन थांबत नाहीत, म्हणून फौजदारी करणाऱ्यांनी आपसांत पाळी लावून घ्यावी. बारमध्ये माणसं जोडलेली असली की हे सहज होतं.

एका वाटपाच्या दाव्यात खरं भांडण जमिनीचं नव्हतंच. मागच्या परड्यातल्या विहिरीवर जायच्या पायवाटेचं होतं. समोरच्या बाजूचे वकील आणि मी, दोघंही ऐन गणपतीत त्या घराच्या पडवीत सतरंजीवर बसलो, मधे मोजणीचा नकाशा. दोन्ही भाऊ एकमेकांकडे न बघता आमच्याशी बोलत होते. तासाभराने थोरल्या भावाची सून चहा घेऊन आली आणि नकाशावर वाकून म्हणाली, "वकीलबाई, दगडी गडगा हातभर आत घेतला तर आमची कलमी झाडं पण वाचतील आणि यांची वाट पण निघेल." तिने बोट ठेवलं तिथे आम्ही पेन्सिलीने रेघ मारली. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, आणि भरलेला कोर्ट फी स्टॅम्प परत मिळतो. फी फार नव्हती, पण त्या कामाचं समाधान मला मोठ्या फीच्या कितीतरी कामांनी दिलेलं नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण निकालाची वाट बघत समाधान लांबणीवर टाकलं तर वर्षानुवर्षं हाती काही लागत नाही. वाटपाचा हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीचं प्रकरण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथे सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईट कस बघून वाटप, मोजणी, मग फेरफार. नेमकी उतरलेली कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), एखादा चांगला उलटतपास, वेळेत लागलेले वारस, यांचा आनंद त्या-त्या दिवशी घ्यावा.

सिनियर निवडताना त्याच्या नावावर जाऊ नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरना ग्रामीण भागात महिना 15,000 आणि शहरात 20,000 रुपये द्यावेत असं सुचवलं. ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याला याहून कमी मिळेल असं धरूनच घरचं गणित मांडा. पैशांबद्दल पहिल्याच दिवशी विचारा, त्यात लाजायचं काही नाही. पण त्याहून महत्त्वाचं विचारायचं ते हे: वकीलपत्रावर माझं नाव असेल का, आणि साक्षीदार तपासायला मला कधी देणार? नुसते मुदतीचे अर्ज देऊन तारखा घ्यायला उभं करणाऱ्या ऑफिसात हुशार मुलंही वर्षभरात कोमेजतात. छोटी का होईना, एक फाइल आपली हवी.

आता संध्याकाळचं. मुंबईचा अशील लोकलमधून उतरून, जेवून, रात्री दहाला फोन करतो. त्याचंही चुकत नाही, त्याला तेव्हाच वेळ असतो. मी पहिल्या भेटीतच सांगते की आठनंतर फोन घेणार नाही, पण तारखेला काय झालं आणि पुढची तारीख कोणती, हे त्याच दिवशी सहाच्या आत व्हॉट्सअॅपवर येईल. ई-कोर्ट्सच्या अॅपवर सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून कसं बघायचं तेही दाखवते. रात्रीचे निम्म्याहून जास्त फोन एवढ्यानेच बंद झाले. कुणाला अटक झाली किंवा कुणी रात्रीत जेसीबी लावून गडगा पाडायला निघालं, तर मात्र उठायचंच.

वरच्या कोर्टाची धावपळही आता कमी झाली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गची कामं तिकडे गेली. एका सुनावणीसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठण्याऐवजी आंबा घाट चढून काम आटोपता येतं आणि रात्री घरी जेवायला पोचता येतं. पावसात घाटाचा अंदाज घेऊनच निघावं, एवढंच.

न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी येणाऱ्यांना एक सांगायचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते, आणि दाखला तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा किंवा त्याच्या शेऱ्यासह दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा लागतो. म्हणून पहिल्या महिन्यापासून आपलं नाव असलेल्या वकीलपत्रांच्या आणि हजेरी लागलेल्या रोजनाम्यांच्या (कोर्टाच्या त्या-त्या तारखेच्या नोंदींच्या) प्रती एका फायलीत लावत जा, आणि ती फाइल माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवा. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या महापुरात खालच्या कप्प्यांतले कागद कसे गेले, ते तिथल्या कोणत्याही वकिलाला विचारा.