कॅनडातल्या ओंटारिओत नोकरीवरून काढलं तर त्या दिवशी सही करू नका, आधी हे वाचा

मीटिंगचं इन्व्हाइट त्याच दिवशी सकाळी येतं, १५ मिनिटांचं, विषयात धड काही लिहिलेलं नसतं, आणि कॉल जॉईन केला की मॅनेजरबरोबर एचआरमधलं कुणीतरी बसलेलं दिसतं. माझ्या नवऱ्याचं असंच झालं, एकाच कंपनीत ९ वर्षं काढल्यावर. १० मिनिटांत सगळं संपलं, लॅपटॉप लॉक झाला, आणि ईमेलवर एक पत्र आलं की २० आठवड्यांचा पगार देतोय, शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा. तो इतका बधिर झाला होता की त्याच रात्री सही करून मोकळा होणार होता, म्हणाला घर चालवायचंय, मिळतंय ते घेऊया. मी म्हटलं दोन दिवस थांब. त्या दोन दिवसांत आम्ही जे शिकलो ते आपल्या लोकांना माहीत असावं असं मनापासून वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या पत्राबरोबर जो रिलीज नावाचा कागद येतो त्यावर सही केली म्हणजे "मी कंपनीवर पुढे कसलाही दावा करणार नाही" असं तुम्ही लिहून देता, आणि एकदा लिहून दिलं की मागे फिरणं फार अवघड. पण शुक्रवारची तारीख ही कंपनीने ठरवलेली तारीख आहे, कायद्याची नाही. ओंटारिओत नोकरीवरून काढल्याबद्दल कोर्टात जायला साधारणपणे २ वर्षं असतात. त्यामुळे तुम्ही एचआरला साधं ईमेल टाका की मला वकिलाचा सल्ला घ्यायचाय, आणखी १० दिवस द्या. बहुतेक कंपन्या देतात, कारण घाईघाईत घेतलेली सही पुढे कोर्टात टिकेल का ही भीती त्यांनाही असतेच.

आता आकड्यांकडे येते, कारण खरी मेख इथेच आहे. ओंटारिओचा एम्प्लॉयमेंट स्टँडर्ड्स ॲक्ट किमान काय द्यायचं ते सांगतो, आणि त्यात दोन वेगवेगळे पैसे आहेत जे सगळेजण "सेव्हरन्स" म्हणून एकत्र करून टाकतात. पहिला टर्मिनेशन पे, म्हणजे नोटिशीच्या बदल्यात पैसे. ३ महिन्यांनंतर १ आठवडा, १ वर्ष झालं की २, ३ वर्षांनंतर ३, आणि पुढे दर वर्षाला एक वाढत ८ आठवड्यांवर थांबतो. दुसरा खरा सेव्हरन्स पे, तो सगळ्यांना नसतो, ५ वर्षं पुरी झालेली हवीत आणि कंपनीचा वर्षाचा एकूण पगारखर्च २५ लाख डॉलर किंवा जास्त हवा, मग दर वर्षाला १ आठवडा, कमाल २६. तर ९ वर्षांचे ८ अधिक ९ म्हणजे १७ आठवडे हे माझ्या नवऱ्याच्या हक्काचेच होते, सही करा नाहीतर करू नका. हे किमान पैसे सहीच्या अटीवर अडवून ठेवता येत नाहीत, ते ७ दिवसांत किंवा पुढच्या पगाराच्या तारखेला, जे नंतर येईल तेव्हा, द्यावेच लागतात. म्हणजे कंपनी "२० आठवडे" म्हणत होती त्यातले वरचे फक्त ३ आठवडे त्या सहीची किंमत होती. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा नवऱ्याचा चेहराच बदलला.

आणि १७ आठवडे हा तर फक्त तळ आहे. त्याच्या वर कॉमन लॉ आहे, म्हणजे कोर्टाच्या निकालांमधून घडत आलेला कायदा, आणि त्यात "रीझनेबल नोटीस" मिळते, म्हणजे वाजवी मुदतीची नोटीस किंवा तेवढ्या महिन्यांचा पगार. १९६० च्या बार्डल केसपासून कोर्ट चार गोष्टी मुख्यत्वे बघतं: वय, किती वर्षं काम केलं, कामाचं स्वरूप काय होतं, आणि तसं दुसरं काम मिळणं किती अवघड आहे. लोक सांगतात की वर्षाला एक महिना धरायचा, तसा नियम नाहीये, ओंटारिओच्या अपील कोर्टाने तो नाकारलेला आहे. पन्नाशीतल्या माणसाला थोडीच वर्षं झाली असली तरी बऱ्यापैकी महिने मिळू शकतात. वरची मर्यादा साधारण २४ महिने धरतात, त्याहून जास्त फक्त अगदी अपवाद म्हणून.

मग कंपन्या एवढं का देत नाहीत? कारण नोकरी लागताना आपण जे ऑफर लेटर सही केलेलं असतं त्यात बहुतेक वेळा एक टर्मिनेशन क्लॉज असतो, की काढलं तर फक्त ॲक्टमधलं किमानच मिळेल. म्हणून घरी गेल्यावर पहिलं काम, ते जुनं ऑफर लेटर शोधा. क्लॉज दिसला म्हणून लगेच हार मानू नका हे मात्र मी अगदी ठासून सांगेन. २०२० मध्ये ओंटारिओ अपील कोर्टाने वॉक्सडेल विरुद्ध स्वेगॉन या केसमध्ये सांगितलं की टर्मिनेशनचे क्लॉज सगळे मिळून एकत्र वाचायचे आणि त्यातला एक जरी ॲक्टच्या विरुद्ध असला तर सगळेच रद्द. बऱ्याच जुन्या काँट्रॅक्टमध्ये "जस्ट कॉज (म्हणजे काढायला सबळ कारण) असेल तर काहीच मिळणार नाही" असं वाक्य असतं, पण ॲक्टप्रमाणे काहीच न देता काढायला मुद्दाम केलेली गैरवर्तणूक लागते, नुसतं काम नीट जमलं नाही एवढं पुरत नाही, आणि त्या एका वाक्यामुळे अख्खा क्लॉज पडू शकतो. क्लॉज पडला की तुम्ही सरळ कॉमन लॉवर. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं, वकिलाचं एक पत्र गेलं, थोडी ये-जा झाली, आणि २० आठवड्यांचे ९ महिने झाले, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

वकिलाचं बोलायचं तर एम्प्लॉयमेंट लॉ करणाराच शोधा, घर घेताना कागदपत्रांना जो होता तोच नको. लॉ सोसायटी ऑफ ओंटारिओची रेफरल सर्व्हिस आहे, त्यातून ३० मिनिटांपर्यंतचा पहिला सल्ला फुकट मिळतो. फी टक्केवारीवर असेल तर आधीच स्पष्ट विचारा की टक्केवारी पूर्ण रकमेवर की कंपनीने आधीच देऊ केलेल्या रकमेच्या वर जे मिळवाल फक्त त्यावर. यात हजारो डॉलरचा फरक पडतो आणि विचारायला अजिबात संकोच करू नका.

लेबर मिनिस्ट्रीकडे फुकट तक्रार करता येते हे खरंय, पण एक सापळा आहे. तिथे फक्त ॲक्टमधलं किमान मिळतं, आणि टर्मिनेशन किंवा सेव्हरन्स पेची तक्रार केली की त्याच नोकरीसाठी राँगफुल डिसमिसलचा (पुरेशी नोटीस न देता काढल्याचा) दावा कोर्टात करता येत नाही, तक्रार २ आठवड्यांच्या आत मागे घेतली तरच रस्ता मोकळा राहतो. म्हणून आधी सल्ला, मग फॉर्म. रक्कम मध्यम असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, ऑक्टोबर २०२५ पासून तिथली मर्यादा ५०,००० डॉलर झालीये. वय, वंश, प्रेग्नन्सी, आजारपण यामुळे काढलं असं वाटत असेल तर ह्युमन राइट्स ट्रिब्युनलची मुदत फक्त १ वर्ष आहे, ती २ वर्षांच्या हिशेबात विसरू नका.

वरचं सगळं ओंटारिओच्या कायद्याखालच्या नोकऱ्यांचं. बँक, टेलिकॉम, एअरलाइन, रेल्वे यांत असाल तर ऑफिस टोरांटोत असलं तरी कॅनडा लेबर कोड लागतो. तिथे १२ महिने पूर्ण झाले असतील आणि तुम्ही मॅनेजर किंवा युनियनमध्ये नसाल तर अनजस्ट डिसमिसलची (अन्यायाने काढल्याची) तक्रार करता येते, त्यात परत कामावर घ्यायचा हुकूमसुद्धा होऊ शकतो, पण मुदत फक्त ९० दिवस. काम कमी झालं म्हणून काढलं असेल तर हा रस्ता चालत नाही. बँकेत काम करणारे आपले किती लोक आहेत, आणि ९० दिवस निघून गेल्यावर कळतं, याचं मला फार वाईट वाटतं. युनियनमध्ये असाल तर थेट युनियनकडे जा. दुसऱ्या प्रॉव्हिन्समध्ये असाल तर तिथले आकडे आणि मुदती वेगळ्या, हे आठवडे तसेच उचलू नका.

पहिल्या आठवड्यात अजून काय करायचं ते भराभर सांगते. ईआयचा (सरकारी बेरोजगारी विम्याचा) अर्ज लगेच करा, आरओई (कंपनी देते तो नोकरीचा दाखला) हातात येण्याची वाट बघू नका, शेवटच्या दिवसापासून ४ आठवड्यांपेक्षा उशीर झाला तर पैसे बुडू शकतात. "राजीनामा दे म्हणजे रेकॉर्ड चांगला राहील" असं कुणी प्रेमाने सुचवलं तरी देऊ नका, स्वतः सोडली असं दिसलं की ईआय आणि सेव्हरन्स दोन्ही हातचे जातात. कंपनीच्या फाइल्स स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, ते उलट अंगाशी येतं. हेल्थ आणि डेंटल कधी संपतंय ते लेखी विचारा, ॲक्टमधल्या नोटिशीच्या काळात ते चालू ठेवावं लागतं, आणि चालू आहे तोवर मुलांचे दात, चष्मे, औषधं सगळं उरकून घ्या. उरलेल्या सुट्यांचे पैसे आणि बोनस पत्रात आहेत का बघा. नवीन नोकरी शोधायला सुरुवात करा आणि कुठे कधी अर्ज केला त्याची एक्सेल शीट ठेवा, कारण कोर्ट विचारतं की तुम्ही प्रयत्न केले का.

वर्क परमिटवर असाल तर घाबरून सही करायचा मोह सगळ्यात जास्त होतो हे मी जवळून पाहिलंय. नोकरी गेली म्हणजे त्याच दिवशी देश सोडायचा असं नाहीये, परमिटवरची तारीख संपेपर्यंत तुम्ही इथे राहू शकता, फक्त क्लोज्ड परमिट (एकाच कंपनीसाठीचं) असेल तर दुसरीकडे काम करायला नवीन परवानगी लागते. पगाराचे हक्क तुम्हालाही पीआर (कायम रहिवासी) असलेल्यांइतकेच आहेत.

शेवटी टॅक्स. एकरकमी सेव्हरन्सवर १५,००० डॉलरच्या वर गेलं की ३० टक्के आधीच कापून घेतात, पण आरआरएसपीमध्ये (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात) जागा शिल्लक असेल तर तेवढी रक्कम कंपनीला थेट आरआरएसपीत टाकायला सांगता येते, मग त्यावर ती कपात होत नाही. हे चेक निघायच्या आधीच लेखी सांगावं लागतं. आणि वकिलाच्या फीची पावती जपून ठेवा, सेव्हरन्स मिळवायला दिलेली फी टॅक्स रिटर्नमध्ये वजा करता येते.