डोंगळे फुलायच्या आधी बांधावरच्या मधमाश्यांकडे बघा

जानेवारी सरत आला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे फुलांचे दांडे, म्हणजे डोंगळे, वर येतात आणि त्यांच्या टोकाचे गोंडे उमलायला लागतात. कांदा पट्ट्यात या दिवसांत हल्ली एक काम नव्याने दिसतं. सकाळी ऊन तापलं की घरची माणसं तळहात किंवा मऊ फडकं गोंड्यांवरून फिरवत वाफ्यावाफ्याने जातात. मधमाशीच येत नाही, म्हणून तिचं काम हाताने करायचं. थोडंफार बी त्यानेही धरतं. पण एका गोंड्यात शेकडो फुलं असतात आणि ती दोन-चार आठवडे टप्प्याटप्प्याने उमलत राहतात. इतके दिवस, प्रत्येक गोंडा, कोण चोळणार?

कांद्याच्या फुलात पराग आधी गळतात आणि मादी भाग त्यानंतर तयार होतो. त्यामुळे फुलाला स्वतःचे पराग बहुधा उपयोगी पडत नाहीत. पराग चिकट असल्याने वाराही फार मदत करत नाही. एका फुलात जास्तीत जास्त 6 बिया धरू शकतात. त्यातल्या किती भरतील हे त्या फुलावर किती वेळा माशी बसली यावर बरंचसं ठरतं. उळं, म्हणजे कांद्याचं बी, पोचट निघालं की आपण खताला आणि हवामानाला दोष देतो, फुलोऱ्यात किती माश्या होत्या हे मात्र कुणाच्या वहीत नसतं.

मधमाशी म्हटलं की पेटी आठवते. भारतात मात्र मधमाश्यांच्या सातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक मध साठवत नाहीत, पोळंही बांधत नाहीत. उंच झाडाला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीला एकच मोठं पोळं लटकवणारी आग्या, काटेरी झुडपात कमी उंचीवर राहणारी इवलीशी फुलोरी, ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी आणि डंख नसलेली पोया या आपल्या ओळखीच्या. यांच्याशिवाय एकट्याने राहणाऱ्या कितीतरी आहेत. बांधाच्या उघड्या मातीत भोक पाडून पिल्लं वाढवणाऱ्या बारीक माश्या, तुरीवर हमखास दिसणारी पाने कापणारी माशी, वाळल्या लाकडात राहणारा काळा भुंगा. टोमॅटो-वांग्याच्या फुलाला धरून अंग थरथरवून पराग झाडायची युक्ती या भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या माशीला येते. सातेरी आणि आग्याला ती जमत नाही. म्हणून पेटी आणली की सगळं भागलं असं समजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फवारणी. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंड्याचं पातळ आवरण फाटायच्या आत संपवा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही औषधं माशीला अतिशय घातक आहेत. फुलोऱ्यात त्यांना हात लावू नका. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणाऱ्या, औषधाचा अंश परागात आणि मधुरसातही उतरतो, त्यामुळे चार दिवस आधी मारलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. करपा रोगासाठी बुरशीनाशक घ्यावंच लागलं तर सूर्य मावळल्यावर घ्या आणि त्यात ‘जाता जाता’ कीटकनाशक मिसळू नका. पुष्कळदा घात या मिसळण्यानेच होतो. निळे चिकट सापळे लावले असतील तर फूल उमलू लागताच काढून ठेवा, कारण माश्याही निळ्या रंगाकडे येतात आणि चिकटून मरतात. शेजाऱ्याशीही आत्ताच बोलून घ्या. त्याने भर दुपारी हरभऱ्यावर फवारलं तर नुकसान तुमच्या डोंगळ्याचं होतं. याच बोलण्यात त्याचा वाण कोणता तेही विचारा. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून किमान 500 मीटर अंतर लागतं, कारण माशी पराग लांबून आणते.

माश्या बोलवायला गुळाचं पाणी फवारायची पद्धत आहे. माझं मत विचाराल तर ते टाळा. माशी पानावरचा गोडवा चाटत बसते, फुलात शिरायचं तिला कारण उरत नाही, आणि मुंग्या मात्र गोळा होतात.

त्यापेक्षा फुलं लावा, पण वेळ साधून. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असल्याने माशीला तो फारसा आवडत नाही. शेजारी मोहरीचा मोठा पट्टा भर फुलात असेल तर माश्या तिकडेच राहतील. म्हणून कडेची मोहरी, कोथिंबीर, बडीशेप यांची फुलं डोंगळ्याच्या थोडी आधी सुरू होतील आणि भर फुलोऱ्यात ओसरतील अशी पेरणी हवी. यंदा ती वेळ गेली असेल तर पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा. आत्ता निदान बांधावरची एकदांडी आणि बोर-बाभूळ तोडू नका.

फुलोऱ्यात पाण्याचा ताण नको, मधुरस आटतो. तुषार संच मात्र बंद ठेवा, ठिबक किंवा सरीने द्या. शेताच्या सावलीच्या कडेला पसरट भांड्यात खडे टाकून त्यात पाणी ठेवा, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

पेट्या आणायच्याच असतील तर सातेरीच्या मिळतात का ते आधी बघा. महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्याकडे चौकशी करता येईल. साधारण दहा टक्के गोंडे उमलल्यावर, रात्रीच्या वेळी पेट्या शेतात आणाव्यात.

रोज सकाळी दहाला एका जागी उभं राहून 10 मिनिटांत समोरच्या 10 गोंड्यांवर किती माश्या बसल्या ते मोजा, वहीत तारखेसह लिहा. लहान-मोठ्या वेगळ्या लिहिल्या तर उत्तम.

आणि काढणीनंतर उन्हाळी नांगरट करताना बांधाच्या कडेचा दोन-तीन हातांचा उघडा पट्टा सोडा, तो पेटवूही नका. पेन्सिलीएवढी बारीक पोकळी असलेली, एका टोकाला गाठ असलेली बांबूची टिपरी बांधून गोठ्याच्या वळचणीला पूर्वेकडे तोंड करून टांगा. जमिनीतल्या त्या भोकांत आणि टिपऱ्यांत पुढच्या हंगामाच्या माश्यांची पिल्लं असतात.