स्तोत्र 119 : देवाच्या वचनाचे आठ शब्द कसे ओळखावेत

बायबलमधलं स्तोत्र 119 वाचताना बहुतेकांची गाडी विसाव्या-पंचविसाव्या ओवीपाशी अडते. नियमशास्त्र, निर्बंध, विधी, नियम, आज्ञा, निर्णय, वचन असे शब्द फिरून फिरून येतात आणि तेच ते वाचतोय असं वाटतं. मराठीत हे सात दिसतात, मूळ हिब्रूत मात्र आठ वेगवेगळे शब्द आहेत; एकट्या ‘वचना’मागे दोन आहेत. ते ओळखता आले की 176 ओव्यांचं हे स्तोत्र एका सुरात वाचलं जात नाही.

आधी रचना. हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरं आहेत. प्रत्येक अक्षराच्या वाट्याला 8 ओव्या आणि त्या आठही ओव्या त्याच अक्षराने सुरू होतात. म्हणजे 22 अष्टकं. रोज एक घेतलं तर 22 दिवसांत स्तोत्र पुरं होतं. एका बैठकीत सगळं वाचून फारसं हाती लागत नाही. (ग्रीक व लॅटिन परंपरेच्या जुन्या कॅथलिक पुस्तकांत हेच स्तोत्र 118 व्या क्रमांकावर असतं. शोधताना गोंधळू नका.)

सरावाला पहिलं अष्टक घेऊ नका. तिथे आठातले सहाच शब्द आहेत. ‘वचन’ पहिल्यांदा नवव्या ओवीत येतं. सुरुवात करावी ती 57 ते 64 या ओव्यांपासून. तिथे आठही शब्द एकेकदा, एका ओवीला एक असे बसले आहेत. वहीत आठ ओळी आखा. प्रत्येक ओळीत ओवीचा क्रमांक, देवाच्या वचनासाठी आलेला शब्द आणि त्याला जोडलेलं क्रियापद लिहा. क्रियापद गाळू नका. पाळणं, विसरणं, शिकणं, आभार मानणं यांतूनच माणूस त्या शब्दाशी कसा वागतो ते कळतं.

आता अर्थ. 61 व्या ओवीतलं नियमशास्त्र म्हणजे ‘तोरा’. मराठी कानाला कायद्याचं जाडजूड पुस्तक ऐकू येतं. मूळ धातू वाट दाखवण्याचा, शिकवण्याचा आहे. बापाने मुलाला दिलेली शिकवणही तोराच. ग्रीकमध्ये त्याचं ‘नोमॉस’ झालं आणि प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (3:24) त्यालाच ख्रिस्ताकडे पोचवणारा बालरक्षक म्हणतो. त्यामुळे नियमशास्त्र म्हणजे नुसता जाच, असं ख्रिस्ती वाचकाने धरू नये. वाट ख्रिस्तापर्यंत जाते.

सगळ्यात जास्त फसवतो तो 59 मधला ‘निर्बंध’. आज निर्बंध म्हटलं की संचारबंदी आठवते. हिब्रू शब्द मात्र साक्षीदार या शब्दाच्या घरातला आहे. कराराच्या कोशात ठेवलेल्या दगडी पाट्यांसाठी निर्गम या पुस्तकात याच घरातला शब्द येतो : देव कोण आहे आणि त्याने काय कबूल केलं याची साक्ष. वाचताना निर्बंधाच्या जागी मनात ‘साक्ष’ ठेवा. ओवी लगेच बदलते.

64 मधले नियम ‘कोरणे’ या धातूवरून आले आहेत, म्हणजे दगडात कोरलेले, सहज न पुसणारे. यशया 49:16 मध्ये देव आपल्या लोकांना तळहातावर कोरतो, तिथेही हाच धातू आहे. ‘मला तुझे नियम शिकव’ ही विनवणी स्तोत्रात पुन्हा पुन्हा भेटते. 12, 26 आणि 68 पाहा. 63 मधले विधी पूजाविधी नव्हेत. बारकाईने लक्ष घालण्याच्या धातूवरून आलेल्या त्या नेमून दिलेल्या सूचना आहेत. 62 मधले निर्णय न्यायाधीशाचे, म्हणून तिथे मध्यरात्री उठून आभार मानले जातात. 60 मधली आज्ञा ही आज्ञाच. तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

उरल्या 57 आणि 58. मराठीत दोन्हीकडे ‘वचन’, हिब्रूत मात्र पहिल्या ठिकाणी ‘दाबार’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘इम्रा’. दाबार म्हणजे शब्द, तसाच घडणारी गोष्टही. आपण ज्यांना दहा आज्ञा म्हणतो ते हिब्रूत ‘दहा शब्द’ आहेत. इम्रा म्हणजे तोंडून निघालेलं बोलणं, आणि अनेक जागी दिलेला शब्द. 50 किंवा 58 मध्ये ‘दिलेलं वचन’ असं वाचून पाहा, चपखल बसतं. आपल्या मंडळ्यांत ओवीलाही वचनच म्हणतात, तेव्हा हा घोळ दुहेरी आहे. मराठीवरून हे दोन वेगळे काढता येत नाहीत; हिब्रू शब्दसूची हवी.

चुका कुठे होतात? मोजदाद करताना. 121 मध्ये ‘न्याय’ म्हणून निर्णयाचाच हिब्रू शब्द आहे, पण तो स्तोत्रकर्त्याच्या वागण्याबद्दल आहे. तो यादीत धरू नका. 122 मध्ये आठांपैकी एकही शब्द नाही, म्हणून शोधत बसू नका. सोप्या भाषेतल्या भाषांतरांत शब्द बदलतात; निम्म्यात भाषांतर बदललं तर वहीतला हिशेब चुकलाच.

दुसरी चूक अधिक गंभीर : प्रत्येक शब्दावर वेगळा सिद्धांत उभारणं. हे काव्य आहे, शब्द एकमेकांची जागा घेतात. नव्या करारात ‘वचना’साठी येणाऱ्या ‘लोगोस’ आणि ‘रेमा’ या दोन ग्रीक शब्दांचंही तसंच. लोगोस म्हणजे लिखित वचन आणि रेमा म्हणजे मला आज मिळालेला खास शब्द, ही विभागणी प्रवचनात छान वाटते, मजकुरात टिकत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात 1:23 ला लोगोस आणि 1:25 ला रेमा आहे, विषय तोच.

एक जागा मात्र खरोखर वेगळी आहे. योहान 1:1 मध्ये मराठी भाषांतर लोगोससाठी ‘शब्द’ लिहितं, आणि 1:14 मध्ये तो शब्द देही होतो. तिथे वचन ही व्यक्ती आहे. वहीत नववी ओळ आखायची असेल तर ती इथे आखा, आणि परत 57 वर जाऊन ‘दाबार’ त्या उजेडात वाचा.